मे महिन्यात युरोपला जाताना बॅग कशी भरावी

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की एप्रिलअखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत युरोपला जाणाऱ्या विमानांत मराठी हमखास कानावर पडते. पुण्यात किंवा नागपुरात पारा चाळिशी ओलांडत असताना भरलेली बॅग चार दिवसांनी बर्फात उघडायची आहे, हे बुद्धीला पटते, पण हाताला पटत नाही. कपाट उघडले की हात सुती कपड्यांकडेच जातो. काही घरांत याच्या अगदी उलट घडते. ‘परदेश म्हणजे थंडी’ एवढ्याच भांडवलावर महाबळेश्वरसाठी घेतलेले स्वेटर, मफलर, कानटोप्या आणि जाडजूड कोट एकावर एक रचले जातात आणि नंतर रोमच्या उन्हात ते ओझे ओढत हिंडावे लागते. आपला उन्हाळा हा युरोपचा वसंत असतो आणि त्या वसंतात एकाच आठवड्यात तीन ऋतू भेटू शकतात. म्हणून बॅग देशाचे नाव पाहून न भरता सहलीचा रोजचा कार्यक्रम पाहून भरावी, असे माझे मत आहे. पुढे जे लिहिले आहे ते पॅरिस, लुसर्न, व्हेनिस आणि रोम अशी मेच्या उत्तरार्धातली, आजी-आजोबा व मुलांसह बारा दिवसांची सहल डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

आधी तक्ता, मग कपाट

निघण्याच्या तीन आठवडे आधी एका कागदावर बारा ओळी आखाव्यात आणि प्रत्येक दिवसासमोर चार गोष्टी लिहाव्यात: मुक्काम कोठे, त्या दिवशीचे सर्वांत उंच ठिकाण कोणते, पायी किती चालायचे आणि सामान स्वतः किती वेळा उचलायचे. उंचीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. स्वित्झर्लंडमधले लुसर्न समुद्रसपाटीपासून सुमारे ४३५ मीटर उंचीवर आहे, तर त्याच देशातले युंगफ्राउयोख हे डोंगरावरचे रेल्वेस्थानक ३,४५४ मीटरवर आहे. हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशोब लावला तर खाली वीस अंशांची आल्हाददायक दुपार असताना वर शून्याच्या आसपास थंडी आणि तिच्या जोडीला वारा असतो. मात्र असा दिवस बारांपैकी एकच, फार तर दोन. त्या एका दिवसासाठी चार जाड कोट वाहून नेणे म्हणजे एका जेवणासाठी अख्खे स्वयंपाकघर सोबत घेण्यासारखे आहे.

उचलण्याचा रकाना बहुतेक जण मनातही आणत नाहीत. व्हेनिसच्या जुन्या शहरात मोटारी नाहीत, पूल शेकड्यांनी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पायऱ्या आहेत. पॅरिसच्या जुन्या हॉटेलांमधली लिफ्ट इतकी अरुंद असते की तीत एक माणूस आणि एक बॅग कशीबशी मावते. त्यामुळे बॅग विकत घेताना दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती किती छान घरंगळते हे पाहून भुलू नये. भरलेली बॅग प्रत्येकाने आपली आपण दोन जिने चढवून पाहावी. जी चढवता येत नाही ती जास्त भरली आहे, एवढे समजून घ्यावे.

कपडे थराने

थंडीसाठी एक जाड कपडा घेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्यावेत. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीसचे किंवा हलक्या लोकरीचे जॅकेट आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे पातळ जॅकेट. डोंगरावर तिन्ही घालावेत, लुसर्नच्या संध्याकाळी वरचे दोन आणि रोममध्ये एकही नाही. वरचे जॅकेट जलरोधक असावेच, कारण मध्य स्वित्झर्लंडमध्ये मे-जून हे पावसाचेच दिवस असतात. तेथे आपल्यासारखी झड लागत नाही, पण दुपारी पाचच्या सुमारास आभाळ भरून येऊन तासभर झोडपून जाणे नेहमीचे आहे. घडीची छोटी छत्री प्रत्येकी एक नव्हे, तर दोघांत एक पुरते.

बारा दिवसांसाठी प्रत्येकी पाच-सहा सदरे किंवा कुर्ते, दोन विजारी, एक झोपण्याचा जोड आणि सात जोड आतले कपडे पुरेसे होतात. जीन्स एकच घ्यावी आणि ती अंगावर असावी. भिजली तर थंड हवेत ती दोन दिवस वाळत नाही. रात्री बेसिनमध्ये धुऊन सकाळपर्यंत वाळेल असे कापड निवडावे आणि चार मीटर नायलॉनची दोरी बरोबर ठेवावी. धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला की त्यातले निम्मे पाणी निघून जाते, ही जुनी युक्ती तेथे फार उपयोगी पडते.

सहावारी नेसणाऱ्या आजींना ‘आता ड्रेस घाला’ असा आग्रह करण्याचे काहीच कारण नाही. परकराच्या आत लोकरी लेगिंग, पायांत जाड मोजे आणि बंद बूट, पदरावरून समोर चेन असलेले जॅकेट एवढ्यावर साडी बर्फातही व्यवस्थित नेसता येते; फक्त साडी सुती किंवा सिल्कची न घेता चटकन वाळणाऱ्या कापडाची घ्यावी आणि ती नेहमीपेक्षा चार बोटे वर नेसावी, म्हणजे काठ भिजत नाही. रोममध्ये सेंट पीटर्स चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात आणि हा नियम पुरुषांनाही लागू आहे. त्या दिवशी अर्धी चड्डी घातलेल्या मुलामुळे सगळ्या कुटुंबाला दारात थांबावे लागू नये. एक मोठी सुती ओढणी मात्र प्रत्येक स्त्रीने जरूर घ्यावी. ती विमानात पांघरूण होते, चर्चमध्ये खांदे झाकते, बागेत बसायला अंथरता येते आणि एखाद्या वेळी पिशवीचेही काम करते.

गॉगल आणि सनस्क्रीन ही चैन समजू नये. ताजा बर्फ अतिनील किरणांचा फार मोठा भाग परत फेकतो, त्यामुळे टोपी घातली तरी खालून चेहरा भाजतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना सनस्क्रीन लावायचे असते हे डोंगरावर जाऊन आल्यावरच कळते. मेअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, म्हणून मुलांना वेळेवर झोप लागावी यासाठी डोळ्यांवरची पट्टी घ्यावी.

बुटांची परीक्षा

बुटांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथे मी स्वतः फसलो आहे. चार वर्षांपूर्वी घेतलेले, फार तर दहा वेळा घातलेले, चकचकीत ट्रेकिंगचे बूट मी मोठ्या विश्वासाने नेले. लुसर्नच्या जुन्या लाकडी पुलावर चालताना टाचेखाली काहीतरी मऊ लागले. पाय उचलून पाहतो तर तळाचा थर ओल्या बिस्किटासारखा कुस्करून पडत होता आणि माझ्यामागे पुलावर काळ्या चुऱ्याची रांग उमटली होती. अशा बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा फेस असतो आणि तो हवेतल्या दमटपणाने हळूहळू आतून कुजतो. न वापरता कपाटात ठेवलेल्या बुटांना हा रोग लवकर जडतो. मुंबई आणि कोकणाच्या हवेत चार पावसाळे काढलेला बूट वरून नवा दिसला तरी त्याचा भरवसा धरू नये.

तेव्हा बूट नवे घ्यायचे असतील तर तीन आठवडे आधी घ्यावेत आणि रोज तासभर घालून टेकडीवर, सोसायटीत, बाजारात चालावे. जुने न्यायचे असतील तर तळवा दोन्ही हातांनी वाकवून, कडेला अंगठा दाबून पाहावे. भेग दिसली किंवा पीठ सुटले तर ते तेथेच बाद करावेत. एक जोड चालण्याचा आणि एक जोड हलक्या सँडलचा, याहून जास्त पादत्राणे नेऊ नयेत. हॉटेलच्या खोलीत घालण्यासाठी रबरी स्लिपर मात्र हवी, कारण तेथील बऱ्याच हॉटेलांत ती मिळत नाही.

खाऊच्या डब्याचे कायदे

मराठी बॅगेचे वजन वाढते ते कपड्यांनी नव्हे, खाऊने. ‘असू दे, लागले तर’ हे वाक्य उच्चारून जेवढे पदार्थ आत जातात त्यांतले निम्मे फिरून घरी येतात. सहल कंपनीबरोबर जात असाल आणि दोन्ही वेळचे भारतीय जेवण ठरलेले असेल, तर माणशी एक किलो कोरडा खाऊ खूप झाला. स्वतंत्र जात असाल तर दोन किलो.

काय नेता येते यापेक्षा काय नेता येत नाही ते आधी पाहावे. युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, मग ते स्वतःपुरते का असेनात. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर, श्रीखंड, चक्का आणि तूप घरीच राहील. बेसनाच्या लाडवात तूप आहे की नाही यावर तेथल्या कस्टम अधिकाऱ्याशी हुज्जत घालण्यापेक्षा शेंगदाणा-गुळाचे लाडू न्यावेत. लहान बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सवलत आहे, मात्र ती कंपनीच्या मूळ डब्यात हवी. ताज्या फळांचेही तसेच. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे सोडली तर बाकीच्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. मेमध्ये परदेशातल्या भाच्यासाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह कोणालाही होईल, पण फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून काही महिने भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती, हे ध्यानात घेऊन तो आवरावा. कढीपत्त्याची जुडीही नेऊ नये.

आपल्याकडच्या विमानतळावरही काही गोष्टी अडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, कारण त्यांतल्या तेलामुळे खोबरे आपोआप तापून पेटू शकते. काडेपेटी आणि लायटर तर कोणत्याच बॅगेत चालत नाहीत. उदबत्ती न्यावी, पण ती पेटवायची कशाने याचा विचार घरीच करावा, शिवाय खोलीत धुराची घंटा असते हेही विसरू नये. तिखट आणि मसाल्याच्या पुड्या केबिन बॅगेत न ठेवता चेक-इनमध्ये टाकाव्यात. विमान दुबईमार्गे असेल आणि येता-जाता तेथे दोन दिवस उतरायचे असेल, तर खसखस बरोबर असता कामा नये. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते, आणि घरच्या कांदा-लसूण मसाल्यात बहुधा खसखस भाजून घातलेली असते, हे मसाला करणाऱ्यालाच ठाऊक असते.

एवढे वगळूनही पुष्कळ उरते. भाजक्या पोह्यांचा चिवडा, खाकरा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, उपम्याचा भाजलेला रवा. लोणचे न्यायचेच असेल तर तेल निथळून, फोडी कोरड्या करून, छोट्या जाड पिशवीत दुहेरी सील करून न्यावे. बरणीचे झाकण कितीही घट्ट लावले तरी विमानात हवेचा दाब बदलला की तेल वाट काढतेच. एकदा आमच्या बॅगेत कैरीच्या लोणच्याने नव्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ पिवळी केली आणि मोहरीचा वास परतीपर्यंत गेला नाही. गरम पाण्याची छोटी किटली उपयोगी पडते, कारण युरोपातल्या पुष्कळ हॉटेलांत ती खोलीत नसते. मात्र तिचा उपयोग चहापुरता करावा, खिचडी शिजवण्याचा प्रयोग करू नये. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याची तर गरजच नाही. स्वित्झर्लंडमध्ये नळाचे पाणी उत्तम असते आणि रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात, म्हणून प्रत्येकाची रिकामी बाटली बॅगेच्या कडेला खोचावी.

आणखी एक वस्तू सांगायला लोक लाजतात. तेथील शौचालयांत पाण्याचा फवारा नसतो. इटलीत १९७५ च्या नियमानुसार घरोघरी बिडे, म्हणजे शौचानंतर धुण्यासाठीचे बुटके बेसिन, बसवले जातात, पण पॅरिस किंवा लुसर्नमध्ये तो मिळेलच असे नाही. निमुळत्या तोंडाची मऊ प्लॅस्टिकची बाटली किंवा छोटा मग हाताशी असला की घरातल्या मोठ्या माणसांची अर्धी चिंता मिटते.

औषधे आणि कागद

रोजची औषधे सहलीच्या दिवसांहून चार दिवस जास्तीची घ्यावीत आणि ती सगळी केबिन बॅगेत, मूळ पट्टीत ठेवावीत. डबीत सुट्या केलेल्या गोळ्या कोणालाच ओळखता येत नाहीत. डॉक्टरांकडून चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्यावी, कारण क्रोसिन म्हटले तर पॅरिसच्या औषधविक्रेत्याला काही कळणार नाही, पॅरासिटामॉल म्हटले तर कळेल. इन्सुलिन चेक-इनमध्ये कधीही टाकू नये, ते तेथे गोठण्याचा धोका असतो. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा तीव्र वेदनाशामके घेत असाल तर वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम आधी पाहावा. बाकी ताप, जुलाब, आम्लपित्त, प्रवासातली मळमळ आणि पायाचे फोड यांच्यापुरती एक चपटी पिशवी भरावी.

पासपोर्ट शेंगेन क्षेत्रातून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून, बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट, व्हिसा आणि विमा यांच्या दोन छायाप्रती काढून एक दुसऱ्याच्या बॅगेत ठेवावी आणि प्रत्येकाचे दोन फोटो बरोबर घ्यावेत. पासपोर्ट हरवला तर दूतावासात पहिली मागणी यांचीच होते. मूल आईवडिलांपैकी एकाबरोबरच किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचे किंवा दोघांचेही संमतिपत्र घ्यावे.

परकीय नोटा एका सफरीत साधारणपणे ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येतात, उरलेली रक्कम कार्डावर ठेवावी. कार्डे दोन असावीत आणि ती दोन वेगळ्या माणसांकडे असावीत. स्वित्झर्लंडचे चलन फ्रँक आहे, युरो नव्हे. तसेच तो देश युरोपीय संघात नसल्यामुळे ‘युरोप’ असे नाव लावलेले प्रत्येक सिमकार्ड तेथे चालतेच असे नाही. घेण्यापूर्वी देशांची यादी वाचून पाहावी.

वीज आणि पॉवर बँक

युरोपात विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे कन्व्हर्टर लागत नाही, फक्त पिन बदलावी लागते. बहुतेक मोबाइल चार्जरच्या दोन बारीक गोल पिना या चारही शहरांत बसतात. अडचण तीन पिनांच्या उपकरणांची होते. स्वित्झर्लंडचे सॉकेट षटकोनी खाचेत असते आणि जर्मन पद्धतीचा जाड गोल प्लग तेथे जातच नाही, म्हणून ॲडॅप्टर दोन बारीक पिनांचाच घ्यावा. पाच माणसांसाठी पाच ॲडॅप्टर घेण्याऐवजी एक ॲडॅप्टर आणि घरचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला की सगळ्यांचे फोन एकदम लागतात. त्या बोर्डावर किटली मात्र लावू नये.

पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकण्यास मनाई आहे, ती केबिन बॅगेतच न्यावी. १०० वॉट-तासांपर्यंतची विनापरवानगी नेता येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, त्यामुळे ती बसते. तिच्यावरचे आकडे पुसले गेले असतील तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. विमानात ती वापरण्यास अनेक कंपन्यांनी मनाई केली आहे, तेव्हा फोन विमानतळावरच पूर्ण चार्ज करून घ्यावा.

प्रत्यक्ष भरताना

तिकिटावर वजनाची मर्यादा कशी लिहिली आहे ते आधी वाचावे. काही कंपन्या माणशी एकूण किलो देतात, काही नगांवर मोजतात, म्हणजे २३ किलोचा एक नग. नगाची पद्धत असेल तर एका बॅगेत २६ आणि दुसरीत २० किलो भरून चालत नाही. एका बॅगेचे वजन ३२ किलोंवर तर जाताच कामा नये. केबिन बॅग बहुधा सात किलोंची असते. काटा नसेल तर बॅग हातात घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहावे आणि स्वतःचे वजन वजा करावे. जाताना चार किलो जागा रिकामी असावी, कारण येताना चॉकलेट येणारच.

निघण्याच्या दोन दिवस आधी न्यायचे सगळे सामान पलंगावर मांडावे आणि प्रत्येक वस्तूसमोर तीन आठवड्यांपूर्वीचा तक्ता धरावा. ‘ही कोणत्या दिवशी लागणार?’ या प्रश्नाला तारीख सांगता आली नाही तर वस्तू कपाटात परत जावी. नंतर जड वस्तू चाकांच्या बाजूला, बूट पिशवीत घालून कडेला, त्यांच्या पोकळीत मोजे, आणि पहिल्या मुक्कामाचे कपडे सर्वांत वर असे भरावे. प्रत्येकाची बॅग स्वतंत्र असली तरी कपडे आडवे-उभे वाटून घ्यावेत; बाबांचा एक जोड आईच्या बॅगेत आणि मुलाचा एक बाबांच्या बॅगेत, म्हणजे एखादी बॅग मागे राहिली तरी कोणी उघडे पडत नाही. केबिन बॅगेत एक बदलीचा जोड, औषधे, कागद, चष्मा आणि द्रव पदार्थ ठेवावेत. द्रवाची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपर्यंतची असावी आणि त्या सर्व एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावाव्यात. अर्धी रिकामी असलेली दीडशे मिलिलिटरची बाटली चालत नाही, कारण तेथे बाटलीचे माप पाहतात, आतल्या तेलाचे नव्हे.

बॅग बंद करण्यापूर्वी आतला आणि बंद केल्यावर बाहेरचा असे दोन फोटो काढावेत. पट्ट्यावर बॅग आली नाही किंवा फुटून आली तर विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. विमान कंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार सामान खराब झाल्याची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा मिळाल्याची एकवीस दिवसांत करावी लागते, आणि त्या वेळी हे फोटो, बॅगेचा टॅग आणि बोर्डिंग पास तिन्ही लागतात.

परतीच्या बॅगेत छत्री सर्वांत वर ठेवावी. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतो आणि वळवाच्या सरी त्याआधीच गाठतात. घरी आल्यावर चॉकलेटे वाटण्याआधी थर्मल, फ्लीस आणि जॅकेट धुऊन उरलेल्या दोन-चार दिवसांच्या कडक उन्हात वाळवावीत. अर्धवट ओली राहून कपाटात गेली तर गणपतीपर्यंत त्यांना बुरशी धरते आणि पुढच्या सहलीला पुन्हा नवी घ्यावी लागतात.